ट्रेबिनची चित्रे हातोहात खपतात

पूर्वी कलाकाराने चांगली चित्रे काढली की त्याचे काम संपत असे. हल्ली त्याला दिसावेही लागते. नुसते दिसून भागत नाही, योग्य ठिकाणी, योग्य माणसाला, हातात सरबताचा पेला धरून दिसावे लागते. हे शिकवण्यासाठी आमच्या बर्लिनमध्ये वर्ग निघाले आहेत आणि तिथे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी फोल्कमार ट्रेबिनला नाव घालावे लागले.

फोल्कमार मोआबिट भागातल्या एका जुन्या चार मजली इमारतीत राही. संध्याकाळच्या वर्गात तो प्रौढांना पेन्सिलीने सफरचंद काढायला शिकवी, आणि उरलेला वेळ मागच्या अंगणातल्या स्टुडिओत काढी. स्टुडिओ म्हणजे एके काळी कोळसा ठेवायची खोली. तिथे तो गेली कित्येक वर्षे एकाच विषयावर चित्रे काढत होता, तो म्हणजे इमारतीतला जिना. जिन्यातल्या टपालपेट्या, दाराबाहेरचे बूट, कठड्याला टेकलेली बाबागाडी, खुंटीवरची छत्री. लहान लहान चित्रे, प्लायवूडवर, तैलरंगात, वर्षाला जेमतेम एखादे पुरे होणारे. ती कोणी विकत घेत नसे. याचे त्याला फार दुःख होते असेही नाही, कारण ज्याला कोणी विचारत नाही त्याला निवांतपणा भरपूर मिळतो.

पण घरमालकाला सायकली दिसल्या. म्हणजे इमारतीत सायकली फार झाल्या, त्या ठेवायला जागा नाही, आणि अंगणातली खोली ऑक्टोबरपासून सायकलींना मिळणार, असे त्याने कळवले. घरात चित्रे काढायची तर बायकोचे, गेझीनेचे, टर्पेंटाइनच्या नुसत्या वासाने डोके उठे आणि ती दोन दिवस अंधार करून पडून राही. दुसरी खोली भाड्याने घ्यायची तर त्या भाड्यात हल्ली बर्लिनमध्ये दंतवैद्यही विचार करून पाऊल टाकतो. थोडक्यात, खोली गेली की चित्रे बंद. फोल्कमारने हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिले आणि त्याला जेवण गेले नाही.

गेझीने रडत बसणाऱ्यांतली नव्हती. ती आरोग्यविम्याच्या कचेरीत काम करी आणि तिथे दिवसभर रडणारी माणसे पाहून तिचा तो कोटा संपलेला असे. तिने शहराची एक योजना शोधून काढली. कलाकारांसाठी सहा संध्याकाळचा वर्ग, शेवटी एका शनिवारी सगळ्यांच्या कामाचे प्रदर्शन, आणि त्यातून निवडलेल्या एकाला शहराच्या कलाकार-भवनात तीन वर्षांसाठी खोली. योजनेचे नाव होते ‘दिसा!’.

"मी तीस वर्षं चित्रं काढतोय," फोल्कमार म्हणाला. "मला आता कोण काय शिकवणार?"

"तू सायकल असतास तर जागा मिळाली असती," गेझीने म्हणाली. "नाहीयेस. तेव्हा अर्ज भर."

वर्ग घेणाऱ्या बाईंचे नाव मेर्ले ओस्टरकाम्प. फोल्कमारचा हिवाळ्यातला कोट त्यांच्यापेक्षा वयाने मोठा असावा. आता आपल्याकडे माणसाला ‘तू’ म्हणायच्या आधी काही रीत असते. तिसऱ्या मजल्यावरच्या नाडोल्नीसाहेबांना फोल्कमार एकोणीस वर्षे ‘तुम्ही’ म्हणत होता आणि तेही त्याला. कोणीही घाई केली नव्हती. आणि ही पोर दारातच त्याच्या छातीवर नावाची चिकटपट्टी लावून म्हणाली, "फोल्कमार, तू कोण आहेस?"

"ट्रेबिन," तो म्हणाला.

"ते नाव झालं रे. तू कोण आहेस?"

फोल्कमारला एकदम घरी जावेसे वाटले.

पहिल्या संध्याकाळी ओळखी कशा वाढवाव्यात हे शिकवले. कोटांच्या खुंटीपाशी उभे राहू नये, खाण्याच्या टेबलाजवळ राहावे, दोघे बोलत असतील तर मध्ये घुसू नये पण तिघे असतील तर घुसावे, आणि निरोप घेताना कार्ड द्यावे. मग सराव झाला. दालनात वीसेक कलाकार होते. सगळे टेबलाजवळ उभे राहिले, त्यामुळे टेबलापर्यंत कोणालाच पोचता येईना. सगळ्यांनी सगळ्यांना कार्डे दिली. एका उंच मुलीने, जी धुक्यावर काम करत होती, फोल्कमारला तीनदा कार्ड दिले. घरी येऊन त्याने खिशातला तो गठ्ठा टेबलावर ओतला तेव्हा गेझीनेने सगळी कार्डे नीट वाचली आणि म्हणाली, "यात चित्रं विकत घेणारा कोण?"

असा कोणीच नव्हता. पण ओळखी वाढल्या होत्या, यात शंका नाही.

तिसऱ्या संध्याकाळी लिफ्ट आली. कल्पना अशी, की तुम्ही लिफ्टमध्ये शिरता, आत शहरातला मोठा कलासंग्राहक उभा आहे, आणि तो वरच्या मजल्यावर उतरेपर्यंत तुम्हांला आपली कला त्याच्या गळी उतरवायची आहे. त्यासाठी एक मिनिटाचे भाषण प्रत्येकाने पाठ करावे. फोल्कमारच्या इमारतीत लिफ्ट नव्हती. तेव्हा तो जिन्यातच सराव करू लागला. तळमजल्यावर "नमस्कार, मी फोल्कमार" असे सुरू करी आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याला अशी धाप लागे की कलेचा आत्मा नेमका कठड्याला धरून उभा राही.

जिन्यात माणूस स्वतःशी बोलू लागला की इमारतीत बातमी जाते. तळमजल्यावरच्या पाखुल्केबाई प्रथम बाहेर आल्या. या इमारतीचे नियम कोणी लिहिले ते ठाऊक नाही, पण पाळून घेण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. त्यांनी दार किलकिले करून सगळे भाषण ऐकून घेतले.

"‘अवकाशाच्या पोकळीशी संवाद’ म्हणजे काय हो, ट्रेबिनसाहेब?"

"म्हणजे... जिना."

"मग जिना म्हणा ना. आणि जरा हळू. एक ते तीन शांततेची वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी नाडोल्नीसाहेबांनी त्याला मध्येच गाठले. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर. त्यांनी घड्याळ लावले. "चौथा मजला, पंच्याहत्तर सेकंद," ते म्हणाले. "लिफ्टचा सरासरी वेग धरला तर तुमचा संग्राहक निम्म्यातच उतरून गेलेला असेल. रिकाम्या लिफ्टशी बोलताय तुम्ही." मग पूर्वी याच इमारतीत राहिलेल्या आणि आता शेजारच्या इमारतीत कपडे दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या सेव्गीबाई कार्ताल आल्या, त्यांना पाखुल्केबाईंनीच मुद्दाम बोलावले होते. त्यांचे म्हणणे, गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगावे, चहा द्यावा, मुलेबाळे विचारावीत आणि मग हळूच पँटीचा विषय काढावा. "लिफ्टमध्ये चहा कुठून आणणार, सेव्गीबाई?" "मग लिफ्टमध्ये कशाला विकता? दुकानात विका."

या सर्व सूचना फोल्कमारने मान देऊन भाषणात घेतल्या. परिणामी चौथ्या संध्याकाळी त्याने मेर्लेसमोर जे म्हटले ते असे: "नमस्कार, बसा. मी जिना काढतो." ते चार सेकंदांत संपले. मेर्ले म्हणाली, "धाडसी आहे." तिच्या तोंडी या शब्दाचा अर्थ काय होतो, हे फोल्कमारला तोवर कळू लागले होते.

शनिवार आला. प्रदर्शन वेडिंग भागातल्या एका जुन्या ट्रामडेपोत होते आणि चित्रे दुपारी तीनपर्यंत पोचवायची होती. गेझीनेने व्हॅन भाड्याने घेतली. आता व्हॅन दारासमोर उभी करायची तर तिथे ‘गाड्या लावू नयेत’ अशी तात्पुरती पाटी लागते, आणि पाटी लावायला परवाना. फोल्कमार परवान्यासाठी तीनदा पालिकेच्या कचेरीत गेला होता. पहिल्यांदा त्याने वेळ घेतली नव्हती म्हणून, दुसऱ्यांदा घेतली होती पण ती दुसऱ्याच खिडकीची होती म्हणून. तिसऱ्यांदा खिडकीतल्या गृहस्थांनी संगणकात पाहिले आणि सांगितले, "त्या शनिवारी त्या जागेवर पियानो आहे."

"कोणाचा?"

"ते सांगता येत नाही. खासगी माहिती. तुम्हांला पुढचा शनिवार देतो."

"पण माझं प्रदर्शन या शनिवारी आहे."

"पियानोचंही घर बदलणं याच शनिवारी आहे," गृहस्थ म्हणाले. त्यांचा आवाज पियानोच्या बाजूने होता.

त्या दिवशी सकाळी पियानोचा भला मोठा ट्रक खरोखरच रस्त्यात आडवा उभा होता आणि गेझीने व्हॅनसह त्याच्यामागे अडकली होती. फोल्कमारने अंगणातून एकेक करून सगळी चित्रे आणली आणि इमारतीच्या पुढच्या दालनात भिंतीला टेकवून ठेवली. पाखुल्केबाई हजर झाल्याच.

"हा आगीतून सुटायचा मार्ग आहे, ट्रेबिनसाहेब."

"दोन मिनिटं फक्त. व्हॅन कोपऱ्यावर आहे."

"आग दोन मिनिटं थांबत नाही."

फोल्कमारने चित्रे बाहेर पदपथावर नेऊन भिंतीला ओळीने टेकवली. हवा छान होती, जूनचे ऊन पडले होते, आणि खरे सांगायचे तर आपली सगळी चित्रे एकत्र उजेडात त्यानेही कधी पाहिली नव्हती. तो क्षणभर तिथेच उभा राहिला. मग गेझीनेचा फोन आला. पियानोवाल्यांशी तिचे भांडण सुरू झाले होते, व्हॅन मागे घ्यायला कोणीतरी हात दाखवायला हवा होता, आणि तू आत्ताच्या आत्ता ये. फोल्कमार धावला.

इथे आमच्या शहराच्या एका रिवाजाचा उल्लेख करणे भाग आहे, कारण पुढचे सगळे त्यावरच घडते. घरात नकोसे झालेले काही असेल, जुनी कपाटे, पुस्तके, पायमोडके दिवे, तर ते आम्ही पदपथावर भिंतीला लावून ठेवतो आणि वर एक चिठ्ठी चिकटवतो, ‘घेऊन जा’. मग ज्याला जे आवडेल ते तो उचलतो. कोणी विचारत नाही, कोणी आभार मानत नाही. आणि एकदा उचललेली वस्तू परत मागणे म्हणजे अगदी हलकेपणाचे लक्षण, ते आम्ही शत्रूकडूनही अपेक्षित धरत नाही.

फोल्कमार व्हॅन घेऊन परत आला तेव्हा भिंतीपाशी एनॅमलच्या जुन्या पातेल्यांचे एक खोके होते. खोक्याच्या थोडे बाजूला, भिंतीवर मधोमध, चिठ्ठी होती. चित्रे नव्हती.

दारात पाखुल्केबाई उभ्या होत्या. त्या घुश्शात होत्या.

"तुमचं सगळं गेलं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या आईच्या पातेल्यांना कोणी हातसुद्धा लावला नाही."

"गेलं म्हणजे?"

"म्हणजे लोकांनी नेलं. मी मघाशी खोकं घेऊन बाहेर आले तर तुमची चित्रं दिसली. म्हटलं, चला, शेवटी आवरायला घेतलं म्हणायचं यांनी, खोली जातेच आहे. एकच चिठ्ठी दोघांना पुरेल म्हणून मधोमध लावली. आणि नीट वाटलीत हो, धक्काबुक्की होऊ दिली नाही. माणशी एक. बेकरीवाल्याला तीन हवी होती, मी म्हटलं, चालणार नाही, ट्रेबिनसाहेबांना नाही आवडणार."

फोल्कमार पदपथावर खोक्याच्या कडेवर बसला. त्याच्या मनात त्या क्षणी काय आले ते गेझीनेलाही त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितले. पहिला विचार असा आला, की सगळे संपले, खोली गेली. आणि त्याला रेटून पुढे आलेला दुसरा विचार असा: बेकरीवाल्याला तीन हवी होती.

"अर्ध्या तासात?" त्याने विचारले.

"अर्धा कुठला," पाखुल्केबाई म्हणाल्या. "आधी सगळे बघत उभे राहिले. हे माझ्या दाराबाहेरचे बूट, ही आमची बाबागाडी, असं चाललं होतं. पातेल्यांकडे कोण बघतंय."

गेझीनेने व्हॅनचे दार आपटले. "पाखुल्केबाई, कोणी काय नेलं ते तुम्हांला ठाऊक आहे?"

पाखुल्केबाईंना हा प्रश्न अपमानास्पद वाटला. गल्लीत कोणी काय नेले ते त्यांना ठाऊक नाही असे कधी घडले होते?

तेव्हा तिघे दारोदार निघाले. पहिले घर सेव्गीबाईंचे दुकान. बाबागाडीचे चित्र शिलाई यंत्राच्या वर लागलेसुद्धा होते, आणि भिंतीखाली चुन्याची भुकटी अजून पडलेली होती.

"एकच्या आत भोक पाडावं लागतं ना, नाहीतर या बाई येतात," सेव्गीबाई म्हणाल्या. "म्हणून घाईने लावलं. बघा, किती शोभतंय. माझी तिन्ही मुलं वाढली या गाडीत."

फोल्कमारने चाचरत सगळा प्रकार सांगितला. ऐकताना सेव्गीबाईंचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"चिठ्ठी होती," त्या म्हणाल्या.

"होती. पण ती पातेल्यांची."

"चिठ्ठीवर ‘पातेली’ असं नव्हतं लिहिलेलं." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "ट्रेबिनसाहेब, मी तुम्हांला एरवी कशालाच नाही म्हणत नाही, पण हे परत देणार नाही. आज संध्याकाळपुरतं हवंय ना? मग मी घेऊन येते. माझ्या हातात राहील. संपलं की मी घरी आणीन."

पुढच्या प्रत्येक दारी थोड्याफार फरकाने हेच घडले. पहिल्या मजल्यावरचा बेकरीवाला म्हणाला, चित्र माझे, पण येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकेने नुकतीच रात्रपाळी संपवली होती. दाराबाहेरच्या बुटांचे चित्र तिने उशाशी ठेवले होते. ती जांभया देत म्हणाली, येते, पण बसायला जागा हवी. कोणी रागावले नाही आणि कोणी चित्र सोडले नाही. परत मागणाऱ्या फोल्कमारचीच मान मात्र दर दाराला थोडी थोडी खाली जात होती. माणसाची चित्रे कोणी घेत नाहीत हा अपमान त्याने तीस वर्षे पचवला होता. घेतली आणि देत नाहीत, या अपमानाची त्याला सवय नव्हती.

शेवटी नाडोल्नीसाहेब राहिले. त्यांनी दार उघडले तेव्हा चित्र त्यांच्या काखेतच होते. बाहेर निघाले असावेत किंवा ते खाली ठेवायला त्यांना सुचले नसावे. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातली खुंटी आणि तिच्यावर एक हिरवी छत्री, बस्स. फोल्कमारला ते चित्र चांगले आठवत होते. हिरवा रंग जमायला त्याला महिना लागला होता.

"हे इर्मगार्टच्या छत्रीचं आहे," नाडोल्नीसाहेब म्हणाले.

इर्मगार्ट म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन चार वर्षे झाली होती.

"छत्री ती गेली त्या हिवाळ्यात कुठंतरी हरवली. मी खूप शोधली. दवाखान्यात विचारलं, बसच्या कचेरीत विचारलं." त्यांनी चित्र काखेतून काढून समोर धरले. "तुम्ही ती काढून ठेवली होती हे मला काय माहीत. जिन्यात बसायचा तेव्हा मी तुम्हांला ओलांडून जायचो, कधी बघितलंच नाही काय काढता ते. आज रस्त्यात दिसली."

पाखुल्केबाई दारातून एक पाऊल मागे सरल्या.

"तुम्हांला हवं असेल तर येतो मी," नाडोल्नीसाहेब म्हणाले. "पण ते मी हातातून सोडणार नाही. आधीच सांगतो."

व्हॅनच्या मागच्या भागात माणसे बसवायला मनाई असते, त्यामुळे सगळे ट्रामने गेले. ट्राममध्ये दहा-बारा माणसे आपापले जिन्याचे चित्र मांडीवर घेऊन बसली, आणि गेझीने भाड्याची व्हॅन रिकामीच चालवत मागून आली. भाडे भरले होते, ती कुठे नेणार?

ट्रामडेपोत प्रत्येक कलाकाराला एक भिंत होती. धुक्याच्या मुलीने आपली भिंत धुक्याने झाकली होती, त्यामुळे शेजारच्या माणसाचे कामही दिसेनासे झाले होते आणि दोघांत बाचाबाची चालली होती. फोल्कमारची भिंत कोरी राहिली. कोणी चित्र टांगू देईना. शेवटी सगळे शेजारी ओळीने भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आपापले चित्र छातीशी धरून. परिचारिकेला खुर्ची मिळाली आणि ती तिच्यात झोपली, बूट मांडीवर.

निवड समिती आली. तिचे प्रमुख डॉक्टर ब्रिंकहोफ, शहराच्या संस्कृती खात्याचे, काळा शर्ट आणि लाल चष्मा घातलेले. फोल्कमारच्या भिंतीपाशी ते थबकले.

"हे... ही माणसं कामाचा भाग आहेत?"

"शेजारी आहेत," फोल्कमार म्हणाला.

"खरे शेजारी?" डॉक्टर ब्रिंकहोफ यांनी लाल चष्मा काढला. "आणि त्या बाई झोपल्या आहेत."

"रात्रपाळी झाली त्यांची."

"श्रम," समितीतले कोणीतरी पुटपुटले आणि टिपून घेतले.

सेव्गीबाईंनी समितीला बसायला सांगितले, पण खुर्च्या नव्हत्या. मग त्यांनी बाबागाडीची हकीकत सांगायला घेतली, ती थोरल्या मुलीच्या लग्नापर्यंत आली. बेकरीवाला म्हणाला, माझी टपालपेटी आहे ही, तिचं झाकण असंच तिरकं लागतं, आत पत्र भिजतं, घरमालक दुरुस्त करत नाही, आणि हे तुम्ही शहराचे लोक आहात तर लिहून घ्या. पाखुल्केबाईंजवळ चित्र नव्हते, पण त्या पातेल्यांचे खोके घेऊन आल्या होत्या. डॉक्टर ब्रिंकहोफ यांनी ते फार निरखून पाहिले. मेर्ले ओस्टरकाम्पच्या डोळ्यांत पाणी आले होते. "फोल्कमार, हे कधी सुचलं रे तुला?"

"आज सकाळी," फोल्कमार म्हणाला. ते खरेच होते.

मग समिती कोपऱ्यात गेली आणि लवकरच परत आली. डॉक्टर ब्रिंकहोफ यांनी हात पुढे केला. खोली त्यालाच. कलाकार-भवन, दुसरा मजला, तीन वर्षे. गेझीनेने फोल्कमारचा दंड इतका जोरात दाबला की त्याला ओय म्हणावे लागले.

"एक नेहमीची गोष्ट," डॉक्टर ब्रिंकहोफ म्हणाले. "निवडलेलं काम दोन वर्षं शहराच्या वाचनालयांतून फिरतं. नियम आहे आमचा. तेव्हा आजच चित्रं इथंच ठेवून जा. माणसांची नंतर काहीतरी व्यवस्था करू. चित्रं तुमचीच आहेत ना?"

तसे पाहिले तर प्रश्न अवघड नव्हता. चित्रे त्याने काढली होती. हिरव्या रंगाला महिना लागला होता. कोणीही वकील म्हणाला असता, चुकून लावलेल्या चिठ्ठीने मालकी जात नाही. आणि शेजारी काही बोलले नसते, कारण सेव्गीबाई तेवढ्यात हलकेच म्हणाल्यासुद्धा, "घ्या हो, दोन वर्षं काय, पटकन जातील," आणि आपले चित्र त्यांनी थोडे पुढे केले. बेकरीवाल्याने पायाने जमीन उकरली. नाडोल्नीसाहेबांनी काहीच केले नाही. ते छत्री दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि समोर बघत होते. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते.

"नाही," फोल्कमार म्हणाला. "माझी नाहीत."

"म्हणजे?"

"पदपथावर होती, चिठ्ठीसकट. ज्यांनी उचलली त्यांची झाली."

"पण मग काम कुठलं निवडायचं आम्ही?" डॉक्टर ब्रिंकहोफ गोंधळले. त्यांनी नियम उलटसुलट करून पाहिला, समितीकडे पाहिले, आणि खरोखरच वाईट वाटून मान हलवली. खोली धुक्याच्या मुलीला मिळाली. धुके वाचनालयांतून दोन वर्षे कसे फिरवणार हे कोणी विचारले नाही.

परतीच्या ट्राममध्ये गेझीने खिडकीबाहेर पाहत होती. फोल्कमार तिच्या बोलण्याची वाट पाहत होता, जशी माणूस डॉक्टरच्या बोलण्याची पाहतो.

"मूर्ख आहेस," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"तू हो म्हणाला असतास ना, तर मी तुझ्याशी महिनाभर बोलले नसते." मग थोड्या वेळाने, "आता व्हॅन कोण आणणार? ती तिथंच राहिली."

फोल्कमारला हसू आले आणि त्याच्या लक्षात आले की तो दुःखी नाही. खोली गेली होती, चित्रे बंद होणार होती, आणि ट्राममध्ये त्याच्याभोवती सगळीकडे त्याचा जिना बसला होता, लोकांच्या मांड्यांवर, आणि लोक तो एकमेकांना दाखवत होते. सेव्गीबाई शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, हे आमच्या ट्रेबिनसाहेबांनी काढलंय. आमच्या. त्या क्षणी त्याला या सगळ्या माणसांविषयी इतकी कृतज्ञता वाटली की त्याने पाखुल्केबाईंचे पातेल्यांचे खोके त्यांच्या हातून घेतले आणि घरापर्यंत स्वतः उचलले. त्यातले एक मोठे पातेले त्याने ठेवूनही घेतले. पाखुल्केबाईंचा राग त्यानंतर गेला.

इमारतीत सगळे आपापल्या मजल्यावर गळत गेले. तिसऱ्या मजल्यावर नाडोल्नीसाहेब किल्ली लावून थांबले.

"ट्रेबिनसाहेब, जरा आत या. बूट काढा."

त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेले. ती इर्मगार्टची खोली होती. एक पलंग, एक कपाट, आणि मधोमध उघडे ठेवलेले इस्त्रीचे टेबल. खिडकी उत्तरेला होती.

"उजेड वाईट आहे," नाडोल्नीसाहेब म्हणाले. "ऊन कधी येत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा."

इतकी वर्षे कोळशाच्या खोलीत दिवे लावून बसलेला माणूस त्या खिडकीकडे पाहत राहिला. असल्या उजेडासाठी चित्रकार घरे बदलतात.

"मला टर्पेंटाइन लागतं," तो म्हणाला. "वास येईल."

"मला वास येत नाही. चाळीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढली, नाक तिथंच राहिलं. पाखुल्केबाईंना मी बघतो. सकाळी नऊला या, दुपारी एक ते तीन मी झोपतो. भाड्याचं विचारू नका."

फोल्कमारने आभार मानायला तोंड उघडले आणि त्याला रडू आले. त्याने ते लपवले नाही. "नाडोल्नीसाहेब, मी तुमचा फार आभारी आहे," तो म्हणाला, आणि त्याला तेवढेच म्हणता आले. नाडोल्नीसाहेब अवघडले. अवघडले म्हणून ते इस्त्रीचे टेबल मिटायला लागले, म्हणजे जागा होईल. ते मिटेना. फोल्कमारने दुसरे टोक धरले. दोघांनी ओढले, दाबले, पाय आत वळवले, ते आणखीच ताठ झाले.

"ते तिलाच जमायचं," नाडोल्नीसाहेब म्हणाले.

मग दोघांनी ते तसेच उघडे उचलून खिडकीपाशी नेले. फोल्कमारने त्याच्यावरच्या सुती कापडावरून हात फिरवला आणि विचारले, "यावर रंग मांडले तर चालेल तुम्हांला? डाग पडतील."

नाडोल्नीसाहेबांनी त्या कापडाकडे पाहिले. चार वर्षांत त्याच्यावर काहीच पडले नव्हते.

"पडू दे," ते म्हणाले.